ऐच्छिक आवाज

व्हिडिओ गेम हा विषय या पानांवर पाहून काही वाचक दचकतील. सामाजिक विचाराच्या नियतकालिकात पोराटोरांच्या खेळाचे काय काम, असे त्यांना वाटेल. वर्षभरापूर्वी मलाही तसेच वाटले असते. चौतीस वर्षे मी नाशिकरोडच्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकविला. या खेळांशी माझा संबंध एवढाच, की बाकाखाली चाललेला मोबाइल काढून घ्यायचा आणि शाळा सुटताना परत द्यायचा.

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा घरी आला. तो अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी काळाराम मंदिर सत्याग्रहावर एक लहानसा गेम करायला घेतला आहे. खेड्यातून आलेली एक मुलगी २ मार्च १९३० रोजी नाशकात पोचते, मिरवणुकीत सामील होते आणि पंचवटीत मंदिराच्या बंद दरवाजापर्यंत जाते, एवढेच त्याचे कथानक. भाचा म्हणाला, "मामा, आत्याची ती कॅसेट आहे का अजून तुमच्याकडे? तिचा आवाज गेममध्ये घालायचाय."

मला आनंद झाला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सत्याग्रहाच्या वेळी ती नऊ वर्षांची होती आणि आईचे बोट धरून गेली होती. १९८९ साली मी एका मित्राचा टेपरेकॉर्डर मागून आणून तिच्या आठवणी साठ मिनिटांच्या कॅसेटवर घेतल्या. एक बाजू भरली, दुसरी कोरीच राहिली. पुढे पाच वर्षांनी ती गेली. मी विचारले, "आवाज कुठे घालणार?" भाचा म्हणाला, "वाटेत तुकडे ठेवू. ज्याला ऐकायचं तो थांबून ऐकेल. ऐच्छिक."

या शब्दापाशी आमचे वाजले. ऐच्छिक म्हणजे काय, ते शिक्षकाला विचारावे. ज्याला गुण नाहीत, जो तास पावसामुळे बुडाला तर कोणी विचारीत नाही, तो विषय ऐच्छिक. आमची माणसे मंदिराच्या चार दरवाजांशी बसली, मार खाल्ला, तुरुंगात गेली, ते ऐच्छिक म्हणून ऐकवायचे काय, असे मी रागाने बोलून गेलो. भाचा म्हणाला, "मामा, आधी दोन-चार गेम बघा. मग भांडू."

मी ते पाहिले. मला खेळता येत नाही, बोटे चालत नाहीत. तो खेळत असे आणि मी शेजारी बसून वहीत टिपून ठेवीत असे. त्या वहीतले येथे मांडतो आहे, कारण हा प्रश्न आता केवळ खेळाचा आहे असे मला वाटत नाही.

गेममध्ये गोष्ट सांगण्याची सोपी रीत म्हणजे खेळ थांबवायचा आणि सिनेमा दाखवायचा. याला ती मंडळी कट-सीन म्हणतात. हातातील बटणे तेवढ्यापुरती निकामी होतात, पडद्यावरची पात्रे बोलतात आणि ते संपले की खेळ पुन्हा सुरू. हे सक्तीचे कथन. पोथी वाचणारा बुवा आणि मांडी घालून बसलेले श्रोते यांचे जे नाते, तेच येथे. मधून उठणे म्हणजे अपराध. मात्र आता बहुतेक गेममध्ये हा सिनेमा टाळून पुढे जाण्याची सोय असते, आणि भाचा सांगतो की पुष्कळ मुले ती वापरतात. सक्ती केली म्हणजे ऐकले जाते, या माझ्या शिक्षकी समजुतीला हा पहिला धक्का होता.

दुसरी रीत वेगळी. खेळाडू एखाद्या ओसाड इमारतीत हिंडत असतो. कोपऱ्यात टेबलावर एक टेप पडलेली दिसते. ती उचलली तर आवाज येतो. येथे राहून गेलेले कोणी माणूस आपली हकिगत सांगू लागते. उचलली नाही तर काहीही बिघडत नाही, खेळ पुढे जातो. पण त्या माणसाची हकिगत मात्र तुमच्यापुरती कधी घडलीच नाही, अशी होऊन जाते.

ही रीत रूढ करण्याचे श्रेय १९९४ सालच्या 'सिस्टिम शॉक' या अमेरिकन गेमला दिले जाते. ती कशी निघाली हे कळले तेव्हा मी चकित झालो. त्याच मंडळींच्या आधीच्या गेममध्ये भेटणाऱ्या पात्रांशी बोलण्याची सोय होती. पडद्यावर चार वाक्ये येत, त्यातले एक निवडायचे, मग पात्र उत्तर देई. पण माणसासारखे बोलणे काही जमेना. जिवंत माणसाला कोणीही काहीही विचारू शकतो, आणि यंत्रात भरलेली उत्तरे चारच. तेव्हा त्यांनी तोड काढली ती अशी, की अंतराळातील ज्या स्थानकावर गोष्ट घडते तेथील माणसे आधीच मेलेली दाखवायची. त्यांच्या नोंदी तेवढ्या मागे राहिल्या आहेत. मेलेल्याला उलट प्रश्न विचारता येत नाही, त्यामुळे खोटेपणा उघडा पडत नाही. सुरुवातीच्या फ्लॉपीवरील आवृत्तीत या नोंदी नुसत्या वाचायच्या होत्या. सीडीवरील आवृत्ती आली तेव्हा त्यांना आवाज मिळाला. त्या अगदीच शोभेच्याही नव्हत्या. कुठल्या कुलपाचा आकडा काय, हे अशा एखाद्या नोंदीतूनच कळे, म्हणजे ऐकणाऱ्याचा फायदा होई.

यात पैशाचे गणितही आहे. जिवंत पात्र दाखवायचे तर त्याचे चालणे, ओठ हलणे, चेहऱ्यावरचे भाव, सगळे करावे लागते. टेपला एक नट आणि एक खोली पुरते. शिवाय वाचायला डोळे गुंततात, ऐकायला गुंतत नाहीत. खेळाडूचे हात काम करीत राहतात आणि कान मोकळे असतात. सिन्नरकडे विड्या वळणाऱ्या बायांच्या सुपाशेजारी रेडिओ चालू असे, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातली सोय लगेच कळेल. आणि त्यातली अडचणही कळेल. मुकादम ओरडला की गाणे बुडाले. गेममध्येही टेप चालू असताना शत्रू अंगावर आला की सांगणाऱ्या बाईचे पुढचे वाक्य गोळीबारात जाते.

२००७ सालचा 'बायोशॉक' हा गेम मी तीन रात्री पाहिला. समुद्राच्या तळाशी वसविलेले एक शहर. अँड्र्यू रायन नावाच्या धनिकाने ते वसविले. सरकार नको, धर्म नको, दुबळ्यांची कणव नको, कर्तबगारांचे राज्य हवे, हा त्याचा सिद्धान्त. राखीव जागांच्या विरोधात 'गुणवत्ते'ची भाषणे ऐकलेल्या आपल्या वाचकाला हे शहर अनोळखी वाटणार नाही. खेळाडू १९६० साली तेथे पोचतो तेव्हा ते मोडून पडलेले असते आणि सगळीकडे टेपा विखुरलेल्या असतात. एका टेपेत एक लबाड माणूस कुत्सितपणे सांगतो, की येथे येणारा प्रत्येक जण बडा उद्योगपती व्हायला आला, पण संडास कोणीतरी घासावेच लागतात हे कोणाच्या ध्यानात राहिले नाही. त्या शहराच्या विनाशाचे कारण एका वाक्यात आले आहे, आणि ते ऐच्छिक आहे. ज्याने टेप उचलली नाही त्याला ते कळणार नाही.

याच गेममध्ये एक सक्तीचा आवाजही आहे. रेडिओवरून एक माणूस खेळाडूला सतत सांगत असतो, इकडे जा, हे कर, ते आण. बोलणे आर्जवी, मित्रासारखे. पुढे उघड होते की फसविणारा तोच. आपण त्याच्या आज्ञा पाळीत होतो आणि स्वतःच्या मर्जीने चाललो आहोत असे समजत होतो. आणि या फसवणुकीचा सुगावा आधीच एका टेपेत देऊन ठेवलेला असतो. मुख्य रस्त्यावरचा आवाज खोटा आणि बाजूला पडलेला आवाज खरा, ही रचना मला फार विचार करायला लावणारी वाटली. ज्यांचा इतिहास कायम बाजूलाच पडून राहिला, त्यांना ती अधिकच कळेल.

टेप ही एकच तऱ्हा आहे असे नाही. २०१३ च्या 'गॉन होम' मध्ये एक मुलगी रिकाम्या घरात येते, आणि वस्तू हाताळताना धाकट्या बहिणीचा आवाज उमटत जातो. त्या घरात मारामारी नाही, शत्रू नाही. २००७ च्या 'मास इफेक्ट' मध्ये बोलताना पडद्यावर एक चक्र येते. उजवीकडची वाक्ये संभाषण पुढे नेतात, डावीकडची अधिक चौकशीची. घाई असलेला खेळाडू उजवी बाजू दाबत पुढे जातो, चौकस खेळाडू डावीकडे रेंगाळतो. आणि २०१६ च्या 'फायरवॉच' मध्ये जंगलात पहारा करणारा माणूस वॉकीटॉकीवर एका बाईशी बोलतो. ती विचारते, तुम्ही ठरावीक वेळात उत्तर निवडायचे. नाही निवडले तर तुम्ही गप्प राहिलात असे धरून ती पुढे बोलते. गप्प राहणे हेही उत्तरच आहे, हे त्या गेमवाल्यांना कळले. आपल्याकडच्या साक्षीपुराव्यांच्या अभ्यासकांना ते कळायला पुष्कळ काळ लागला.

आता आपल्या भूमीकडे येतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा 'राजी' हा गेम २०२० साली आला. भारतीय कथा सांगणारा भारतीय गेम म्हणून त्याची बरीच वाहवा झाली आणि ती अस्थानी नव्हती. चित्रे देखणी आहेत, वास्तुशिल्प मनापासून रेखाटले आहे. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. असुर तिच्या भावाला पळवितात, ती त्याला सोडवायला निघते. मुख्य कथेचे काही भाग सावल्यांच्या बाहुल्यांतून दाखविले आहेत. निवेदन दुर्गा आणि विष्णू करतात. ते वरून पाहतात आणि राजीविषयी एकमेकांशी बोलतात. वाटेत भिंतींवर चित्रे आहेत. त्यांपाशी थांबून बटण दाबले तर देवादिकांच्या कथा ऐकू येतात. न थांबता पुढे गेले तरी चालते. म्हणजे तीच ऐच्छिक कथनाची रीत, फक्त टेपेच्या जागी भित्तिचित्र.

माझा आक्षेप कारागिरीवर नाही. प्रश्न असा, की थांबणाऱ्याला कोणाचा आवाज ऐकायला मिळतो? राजी दोरीवर चालणाऱ्यांपैकी आहे. आपल्याकडे ही कला कोणत्या जमातींच्या पोटाशी बांधलेली होती, हे सांगायला नको. पण जो कोणी थांबेल त्याला देवांची कथा मिळते, कसरत करणाऱ्यांची मिळत नाही. सावल्यांच्या बाहुल्या आमच्या कोकणात पिंगुळीच्या ठाकर समाजाने जपल्या. त्यांच्यापैकी एखादी म्हातारी एखाद्या भिंतीआड बसलेली असती तर? गेममधील असुरांच्या राजाचे नाव महाबलासुर आहे. हा बळीराजाच असे मी म्हणत नाही, नावाचा अर्थ नुसता 'मोठ्या बळाचा' असाही होतो. पण ज्या मुलुखात दिवाळीला बळीचे नाव घेतात, आणि १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून जोतीरावांनी ज्या बळीला न्यायी राजा म्हणून उभे केले, तेथे बनलेल्या गेममध्ये ते नाव ऐकून माझा कान टवकारलाच. असुराची बाजू सांगणारी एक टेप, एकच, कोठेतरी अडगळीत ठेवली असती तरी चालले असते. ऐच्छिक कथनाचा मोठा गुण तर हाच आहे, की मुख्य कथेला न दुखविता तिच्या विरोधातला आवाज त्याच घरात ठेवता येतो.

आणि तोच त्याचा दोषही आहे. शाळेच्या पुस्तकात धड्याच्या कडेला रंगीत चौकट असते. आमची माणसे बहुधा त्या चौकटीत असतात. पुस्तकाने त्यांना वगळले असे म्हणता येत नाही, आणि शिक्षकाने शिकविले असेही म्हणता येत नाही, कारण चौकटीवर प्रश्न येत नाही. समावेश केल्याचे समाधान आणि न ऐकविण्याची सोय, दोन्ही एकदम साधते.

भाच्याला मी हे ऐकविले. तो म्हणाला, "मग जलशात काय होतं? लोकांना बांधून बसवायचे का?" पोराने बरोबर नेमक्या जागी बोट ठेवले. आंबेडकरी जलशांच्या पहिल्या शाहिरांपैकी भीमराव कर्डक याच नाशिक जिल्ह्यातले. जलसा पाहायला आलेला माणूस केव्हाही उठून जाऊ शकत होता. दिवसभर राबून आलेला, डोळ्यांवर झोप, आणि तिकीट नसल्यामुळे पैसे वसूल करण्याचीही ओढ नाही. म्हणून विचार बतावणीत आला, हसण्यात आला. त्या माणसाची मर्जी राखून त्याला थांबविणे ही कला होती. माझ्या चौतीस वर्षांच्या हजेरीपटाने मला ती कधी शिकू दिली नाही.

तेव्हा आम्ही कॅसेट काढली. भाच्याने ती संगणकात उतरविली. अर्ध्या तासाच्या बोलण्यातून अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे तुकडे पाडायचे होते. तिचे खोकणे, भांड्यांचा आवाज, मागून जाणाऱ्या रेल्वेची शिट्टी. ते काढू नका, एवढे मी सांगितले. मिरवणुकीचा तुकडा चांगला आला. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया चार दरवाजांवर बसल्या हे आपण ग्रंथात वाचतो. आत्याला आकडे ठाऊक नव्हते. तिला तापलेले दगड आणि फडक्यात बांधलेली भाकरी आठवत होती. ९ एप्रिलच्या रथाचा तुकडाही आला. स्पृश्य-अस्पृश्यांनी मिळून रथ ओढावा असे ठरले होते आणि ठरल्याआधीच रथ पळविला गेला. ते तिने लोकांच्या तोंडून ऐकलेले, पण सांगितले असे की जणू डोळ्यांसमोर.

मग एक तुकडा आला जो मी विसरलो होतो. विसरलो होतो, की विसरायचे ठरविले होते, ते आता सांगता येत नाही. दुपारी दरवाजापाशी मायलेकी तहानेल्या होत्या. एक बाई घागर घेऊन आली. आत्या सांगते, "पानी दिलं तिनं. पन आई म्हनली, नको. मांगाच्या घरचं. आमी तरी कुटं शिवत व्हतो?" एवढे बोलून ती जराशी हसते. आणि लगेच एक तरुण आवाज येतो, "आत्या, ते राहू दे. मिरवणुकीचं सांग." ती मग मिरवणुकीचे सांगू लागते.

भाच्याने विचारले, "मामा, हा आवाज कोणाचा?"

माझाच. ही आठवण मी दरवर्षी चौदा एप्रिलला वस्तीत सांगत आलो आहे. दगड सांगितले, भाकरी सांगितली, रथ सांगितला. घागर कधी सांगितली नाही. सत्याग्रहाची शिकवण अशी नव्हती, हे म्हणायला मी केव्हाही तयार होतो. तुकड्यांचे नेतृत्व करणाऱ्यांत महार नसलेले पां. ना. राजभोजही होते, हे खरेच आहे. पण ते सांगून घागर नाहीशी होत नाही. पुस्तकातील चौकटीवर मी एवढा बोललो, आणि माझ्या घरातल्या बाईला चौकटीतसुद्धा जागा दिली नव्हती.

या तुकड्याचे काय करायचे यावर तिघा मुलांत आठवडाभर वाद झाला. एक म्हणाला, गाळून टाकू, विरोधकांच्या हातात कोलीत कशाला? दुसरा म्हणाला, एखाद्या कोपऱ्यात ठेवू, सापडेल त्याला सापडेल. मी दोघांनाही विरोध केला. गाळणे म्हणजे मी १९८९ साली केले तेच पुन्हा करणे. आणि कोपऱ्यात ठेवणे म्हणजे सांगितल्याचे समाधान मिळवून ते लपविणे. मुख्य वाटेवर सिनेमासारखा दाखवावा, तर टाळण्याचे बटण आहेच.

तोड भाच्याने काढली. सत्याग्रह म्हणजे बसणे. तेव्हा गेममध्ये ती मुलगी दरवाजाशी पोचली की करायला काहीच उरत नाही. मारायला शत्रू नाही, सोडवायला कोडे नाही. बटण दाबून बसायचे. बसले की आजूबाजूच्या बायांत आत्याचा आवाज सुरू होतो आणि तो तुकडे न करता सलग चालतो. दगड, भाकरी, घागर, आणि मधला माझा आवाजही तसाच. उठले तरी खेळ थांबत नाही. आवाज मागे बारीक होत जातो. उठावे की बसावे ते खेळणाऱ्याने ठरवायचे. आपण उठलो तेव्हा कोणी बोलत होते, एवढे मात्र त्याला कळते.

दिवाळीच्या सुटीत आम्ही तो अर्धवट गेम वस्तीच्या वाचनालयात पाच मुलांना खेळायला दिला. तिघे दोन-तीन मिनिटांत उठून मंदिराभोवती हिंडू लागले, दरवाजा कोठून उघडतो ते शोधीत. तो कोठूनही उघडत नाही. चौथ्याने रथापर्यंत ऐकले. पाचवा, आठवीतला, शेवटपर्यंत बसून राहिला. मग त्याने कानावरचे यंत्र काढले आणि मला विचारले, "सर, मग त्या बाईनं त्या पाण्याचं काय केलं?"

मी कॅसेट पुन्हा दोनदा ऐकली. त्याचे उत्तर तिच्यात नाही. ते विचारायचे होते तेव्हा मी मिरवणुकीचे विचारले.